परदेशात आठ दिवसांचा स्टॉल लावताय? मग तिथला टॅक्स निघायच्या आधी समजून घ्या

आमच्या पैठणमधून, संभाजीनगरातून, आता तर वसमत-लातूरकडून सुद्धा लोकं परदेशातल्या प्रदर्शनांत माल घेऊन जायलेत. कुणाची पैठणी, कुणाचं हिमरू, कुणाची हळद. मला मनापासून आनंद होतो. पण माझ्याकडं फोन येतो तो निघायच्या पंधरा दिवस आधी, आणि प्रश्न एकच असतो, "भाऊ, आपण आठच दिवस जायलो, थोडाच माल आहे, तिथला टॅक्स आपल्याला लागत नसेल ना?" लागतो. बहुतेक ठिकाणी पहिल्या विक्रीपासून लागतो. हे एकदा नीट लिहून काढावं असं लई दिवसांपासून डोक्यात होतं.

आधी मूळ गोष्ट सांगतो. जवळजवळ प्रत्येक देशात छोट्या व्यापाऱ्याला नोंदणीतून सूट देणारी एक मर्यादा असते, इंग्लंडमधे १ एप्रिल २०२४ पासून ती वर्षाला ९०,००० पौंड आहे, दुबईत म्हणजे यूएईत ३,७५,००० दिरहम. आपण हा आकडा नेटवर वाचतो आणि म्हणतो, आपली विक्री याच्या जवळपास पण जात नाही, सुटलो. पण ही मर्यादा तिथल्या रहिवासी धंद्यासाठी आहे. ज्याचं त्या देशात दुकान नाही, ऑफिस नाही, जो बाहेरून येऊन विकून परत जाणार, त्याला या मर्यादेची सूटच नाही. इंग्लंडनं १ डिसेंबर २०१२ पासून बाहेरच्या धंद्यांसाठी ती काढूनच टाकलीय, यूएईत व्हॅट (म्हणजे आपल्या जीएसटीसारखाच विक्रीवरचा टॅक्स) १ जानेवारी २०१८ ला सुरू झाला तेव्हापासून नियम तसाच आहे.

यात अन्याय वाटून घेऊ नका, आपला जीएसटी पण हेच करतो. तुम्ही हैदराबादच्या नुमाइशला नामपल्लीत स्टॉल लावला असेल तर तिथं तेलंगणाची कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन म्हणून नोंदणी घ्यावी लागते, ९० दिवसांची, अंदाजे टॅक्स आधीच भरून (हस्तकलेच्या ठराविक मालाला यात सूट आहे, ती वेगळी गोष्ट). आणि कुणी परदेशी व्यापारी आपल्याकडं येऊन विकणार असेल तर त्याला नॉन-रेसिडेंट टॅक्सेबल पर्सन म्हणून धंदा सुरू करायच्या किमान ५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, २० लाख-४० लाखाची मर्यादा त्याला पण नाही. म्हणजे आपण त्याच्याकडून जे मागतो तेच तो देश आपल्याकडून मागतो.

मी हे शिकलो ते दुबईत, आणि महागात शिकलो. ओळखीतल्या एका माणसानं सांगितलं की ३,७५,००० दिरहमच्या खाली काही करावं लागत नाही, मी विचारलं पण नाही की ही मर्यादा कुणासाठी. बारा दिवस स्टॉल लावला, पैठणीचे दुपट्टे आणि स्टोल चांगले गेले, घरी आलो, तीन महिन्यांनी एका मोठ्या खरेदीदारानं टॅक्स इन्व्हॉइस मागितलं तेव्हा समजलं की आपल्याकडं तिथला टॅक्स नोंदणीचा नंबरच नाही. उशिरा नोंदणी केल्याचा दंड तिथं १०,००० दिरहम आहे, तेव्हाच्या भावानं सव्वादोन लाखाच्या आसपास. घरातले दोन माग सहा महिने ज्याच्यासाठी चालले तेवढे पैसे एका अर्जापायी गेले.

सगळ्यात आधी ठरवा: दाखवायचंय, घाऊक विकायचंय का गिऱ्हाइकाला विकायचंय

पूर्ण काम याच्यावर ठरतं, म्हणून इथं घाई करू नका.

नुसते नमुने दाखवायचे, ऑर्डरी लिहून घ्यायच्या आणि माल नंतर पैठणहून पाठवायचा असेल तर तिथं तुमची विक्रीच होत नाही. माल मागवणारा तिकडचा व्यापारी इम्पोर्टर होतो, ड्यूटी आणि व्हॅट तो भरतो, आपल्या बाजूनं ती साधी निर्यात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सांगतो.

दुसरा मार्ग, तिथल्या एखाद्या दुकानदाराला माल आधीच घाऊक विकायचा आणि स्टॉल त्याच्या नावावर, त्याच्या नंबरवर चालवायचा, आपण फक्त माणूस म्हणून उभं राहून विणकाम समजावून सांगायचं. नफा कमी मिळतो हे खरं. पण विक्री चार-पाच लाख रुपयांच्या आत राहणार असेल तर माझ्या मते हाच मार्ग धरावा, कारण नोंदणी, एजंट, रिटर्न, मग नोंदणी रद्द करणं या सगळ्याचा खर्च तेवढ्या विक्रीत निघत नाही.

तिसरा, स्वतः उभं राहून तिथल्या लोकांना माल हातात देऊन पैसे घ्यायचे. खालचं बहुतेक सगळं याच्यासाठी आहे.

आणि इथंच व्हिसाचं बघा, कारण टॅक्सच्या नादात हे राहून जातं. इंग्लंडच्या व्हिजिटर व्हिसावर प्रदर्शनात जाता येतं, प्रचार करता येतो, पण थेट विक्री करता येत नाही, नियमात स्पष्ट आहे. म्हणून तिकडं आमच्या गल्ल्यावर माझी चुलत बहीण बसते, ती तिथलीच नागरिक आहे, मी फक्त पदराचं काम दाखवतो. अमेरिकेच्या बी-१ म्हणजे धंद्याच्या व्हिसावर पण तेच धरून चाला, ऑर्डर घ्या, जागेवर विकू नका. दुबईत बऱ्याच वेळा आयोजकच परमिटचं बघतो, पण ते पैसे भरायच्या आधी लेखी घ्या.

देशाप्रमाणं नोंदणी

यूएई: तिथल्या टॅक्स खात्याचं, म्हणजे फेडरल टॅक्स अथॉरिटीचं, एमाराटॅक्स पोर्टल आहे, अर्ज तिथंच ऑनलाइन. पासपोर्ट, इथलं जीएसटी सर्टिफिकेट, फर्मचे कागद, आयोजकाचं करारपत्र, बँकेचे डिटेल्स तयार ठेवा. १५ अंकी टीआरएन म्हणजे टॅक्स नोंदणीचा नंबर मिळतो, दर ५ टक्के. तुमचं गिऱ्हाइक तिथला नोंदणीकृत व्यापारी असेल तर व्हॅट तो स्वतः रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याच्या ऐवजी घेणारा, भरतो, आणि तुमची सगळीच विक्री अशा लोकांना असेल तर तुम्हाला नंबरच लागत नाही. पण स्टॉलवर येणारी ताई काही व्हॅट नंबर घेऊन येत नाही, त्यामुळं किरकोळ विकणाऱ्याला यातून सुटका नाही.

इंग्लंड: अर्ज एचएमआरसीकडं, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याकडं, ऑनलाइन. त्यांच्या भाषेत आपण नॉन-एस्टॅब्लिश्ड टॅक्सेबल पर्सन, म्हणजे तिथं ठाणं नसलेला व्यापारी. दर २० टक्के, पण सगळ्या मालाला नाही, आणि हे आपल्या कामाचं आहे. स्वयंपाकाचे बहुतेक खाण्याचे पदार्थ शून्य दरात, म्हणजे आमच्या मेहुणीची वसमतची हळद शून्य टक्के आणि तिच्याच शेजारी ठेवलेला माझा दुपट्टा २० टक्के. लहान मुलांचे कपडे शून्य, पुस्तकं शून्य. शून्य म्हणजे सूट नव्हे, विक्री हिशोबात दाखवावीच लागते, पण तुमचा सगळाच माल शून्य दराचा असेल तर नोंदणीतून वगळा असं अर्जात मागता येतं. हळदवाल्यांनी हे जरूर बघावं.

नंबर यायला आठवडे लागतात. मधल्या काळात प्रदर्शन सुरू झालं तर? तर बिलावर व्हॅट वेगळा दाखवायचा नाही, नंबर नसताना तो हक्क नाही, पण भरावा तर लागणारच, म्हणून किंमत तेवढी वाढवून ठेवायची आणि नंबर आल्यावर ज्या व्यापारी गिऱ्हाइकाला हवं त्याला व्हॅट दाखवून नवीन बिल द्यायचं. मी चार महिने आधी अर्ज करतो, म्हणजे ही पाळीच येत नाही.

युरोपियन युनियन: २७ देश आहेत आणि व्हॅटचा कायदा बराचसा एकसारखा आहे, पण नंबर प्रत्येक देशाचा वेगळा आणि दर पण वेगळे, जर्मनीत १९, फ्रान्समधे २०, नेदरलँड्समधे २१ टक्के. इथं लई जण एक चूक करतात, वन स्टॉप शॉप नावाची योजना आहे ती घेतली की सगळा युरोप झाला असं समजतात. ती योजना ऑनलाइन ऑर्डर घेऊन पार्सल पाठवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही फ्रँकफर्टला टेबल मांडून माल हातात दिला तर तो त्यात बसत नाही, जर्मनीचाच नंबर लागतो. काही देश युरोपबाहेरच्या व्यापाऱ्याला तिथला एक जबाबदार प्रतिनिधी नेमायला लावतात, तो फी पण घेतो आणि बऱ्याचदा बँक गॅरंटी पण मागतो, ते आधी विचारा.

अमेरिका: तिथं व्हॅट नाहीच, राज्याराज्याचा सेल्स टॅक्स आहे, आणि अलास्का, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर, ओरेगन या पाच राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्स नाही. कॅलिफोर्नियात ९० दिवसांपर्यंतच्या तात्पुरत्या विक्रीसाठी टेम्पररी सेलर्स परमिट मिळतं, राज्याचा दर ७.२५ टक्के आणि गावाप्रमाणं वरून आणखी. न्यूयॉर्कमधे विक्री सुरू करायच्या किमान २० दिवस आधी सर्टिफिकेट ऑफ अथॉरिटीचा अर्ज. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के, पण अंगावर घालायचे कपडे तिथं माफ आहेत, दागिने आणि पर्सेस नाहीत. म्हणजे एडिसनला साडी विकली तर टॅक्स नाही, साडीसोबत बटवा विकला तर बटव्यावर आहे. आणि तिकडं टॅक्स किमतीच्या वर लावतात, आपल्या एमआरपीसारखा आत धरत नाहीत, टॅगवर १०० डॉलर लिहिलं तर गल्ल्यावर जास्त घ्यायचे.

माल नेणं, आणि कार्नेचा गैरसमज

एटीए कार्ने म्हणून एक पुस्तिका मिळते, भारतात फिक्की ही व्यापार-उद्योगांची संघटना देते, एक वर्ष चालते, आणि तिच्यावर माल ड्यूटी-व्हॅट न भरता तात्पुरता नेता येतो. कुणीतरी सांगतं "कार्ने काढ, टॅक्स लागत नाही," आणि लोकं विकायचा माल पण त्यातच टाकतात. असं करू नका. कार्नेवरचा माल परत आणायचाच असतो. दाखवायचा छोटा हातमाग, जुनी वडिलोपार्जित पैठणी, बोर्ड, लाइटी, हे कार्नेवर न्या. विकायचा माल त्यात एक नग पण नको, कारण तो परत आला नाही की तिकडची ड्यूटी-टॅक्स-दंड सगळं फिक्कीमार्फत तुमच्या ठेवीवर येतं.

विकायचा माल रीतसर इम्पोर्ट करायचा. इंग्लंडसाठी ईओआरआय म्हणजे कस्टम्सचा ओळख नंबर लागतो, आणि आपलं तिथं ऑफिस नसल्यानं कस्टम्सचा कागद तिथला एजंट इनडायरेक्ट प्रतिनिधी म्हणून भरतो. त्याच्यावर पण जबाबदारी येते म्हणून सगळे एजंट तयार होत नाहीत, लवकर शोधा. माल थोडा असेल, २,५०० पौंडांच्या आत आणि तुमच्यासोबत बॅगेतच, तर ऑनलाइन सोपं डिक्लेरेशन आहे, ते पोचायच्या आधी भरायचं. बॅगेत आहे म्हणून ग्रीन चॅनलमधून जायचं नाही, प्रवाशाची ती ३९० पौंडांची सूट स्वतःच्या वस्तूंना आणि भेटवस्तूंना आहे, विकायच्या मालाला एका पौंडाची पण नाही.

यूएईत ड्यूटी साधारण ५ टक्के, पण भारत-यूएई सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यामुळं बऱ्याच मालाला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतात बनलाय याचा दाखला) जोडलं की ड्यूटी कमी किंवा शून्य होते. व्हॅट मात्र राहतोच, दोन्ही वेगळे आहेत.

इम्पोर्ट करताना आयातदाराच्या जागी *तुमचंच* नाव आणि नंबर यायला पाहिजे. माल पोचवणाऱ्या फॉरवर्डरनं सोय म्हणून स्वतःचं किंवा तुमच्या नातेवाइकाचं नाव टाकलं तर तिथं भरलेला इम्पोर्ट व्हॅट तुम्हाला रिटर्नमधे वजा करता येत नाही. एक शब्द चुकतो आणि पूर्ण रक्कम बुडते.

आपल्या बाजूचे कागद

आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड तर लागणारच, डीजीएफटीकडं (केंद्राचं विदेश व्यापार खातं) ५०० रुपये फी, नंबर म्हणजे तुमचा पॅनच, आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमधे तो पोर्टलवर अपडेट करायचा, बदल काही नसला तरी, नाहीतर बंद पडतो. तुमच्या बँकेचा परकीय चलन व्यवहाराचा कोड, म्हणजे एडी कोड, कस्टम्सला नोंदवून ठेवा.

आता जीएसटी. प्रदर्शनासाठी माल बाहेर नेणं म्हणजे विक्री नाही, हे सीबीआयसीच्या (जीएसटी-कस्टम्स बघणारं केंद्राचं मंडळ) १८ जुलै २०१९ च्या परिपत्रकात (क्रमांक १०८) स्पष्ट आहे. माल डिलिव्हरी चलानवर न्यायचा, टॅक्स इन्व्हॉइसवर नाही, आणि तेव्हा एलयूटी (टॅक्स न भरता निर्यात करायचं हमीपत्र) पण लागत नाही. पुढं सहा महिने मिळतात. त्यात जेवढा माल विकला त्याचं इन्व्हॉइस विकला त्या तारखेचं, जेवढा परत आणला त्याला काही नाही. पण सहा महिने उलटले आणि माल विकला पण नाही आणि परत पण आणला नाही, तर त्या दिवशी तो पुरवला असं धरतात आणि इन्व्हॉइस करावंच लागतं. बहिणीच्या घरी दोन पेट्या ठेवून येणाऱ्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवा, पुढच्या वर्षी विकू म्हणून ठेवलेला माल इथंच अडकतो. घाऊक दुकानदाराला पाठवायचा माल मात्र सरळ निर्यात, त्याला आरएफडी-११ फॉर्ममधे एलयूटी त्या आर्थिक वर्षाचा लागतोच.

प्रत्येक नगाला नंबराचा टॅग लावा आणि यादीत रंग, पदराची नक्षी, लांबी लिहा. न विकलेला माल परत येतो तेव्हा आपल्या कस्टम्सला पटवावं लागतं की गेला तोच माल आलाय. "सिल्क दुपट्टा ४० नग" एवढंच लिहिलं तर ते कसं पटवणार? त्यांना तो नवीन आयात केलेला वाटला तर ड्यूटी लागते, आपल्याच मागावर विणलेल्या कापडावर.

किंमत

हे काम घरी बसून करा, स्टॉलवर नाही. इंग्लंडमधे २४० पौंडांचा टॅग लावला तर त्यात ४० पौंड व्हॅट आहे, सहावा हिस्सा, तुमचे २००. दुबईत १०५ दिरहममधे ५. टॅगची किंमत व्हॅट धरूनच लिहायची, गल्ल्यावर वाढवायची नाही.

पूर्ण हिशोब असा बसतो बघा. समजा माल, वाहतुकीचं भाडं आणि ड्यूटी मिळून ३,५०० पौंड झाले, त्याच्यावर २० टक्क्यांनी इम्पोर्ट व्हॅट ७०० आत येतानाच लागला. विक्री टॅगच्या भावानं ७,२०० झाली, त्यातला व्हॅट १,२००. नोंदणी असेल तर १,२०० मधून ते ७०० वजा, भरायचे फक्त ५००. त्यासाठी इम्पोर्ट व्हॅटचं सी७९ सर्टिफिकेट पाहिजे, किंवा पोस्टपोन्ड अकाउंटिंग निवडलं तर आत येताना ७०० द्यावेच लागत नाहीत, रिटर्नमधेच दोन्हीकडं दाखवायचे. छोट्या माणसाला हे लई सोयीचं, खेळतं भांडवल अडकत नाही. ड्यूटी मात्र कुणी परत देत नाही, ती खर्चात धरा.

जो नुसता दाखवायला जातो आणि विकत नाही, त्यानं हॉटेल, स्टॉल सजावट यांच्या बिलावरचा व्हॅट सोडू नये. इंग्लंडमधे बाहेरच्या धंद्यासाठी रिफंडची योजना आहे, वर्ष १ जुलै ते ३० जून आणि अर्ज ३१ डिसेंबरपर्यंत, व्हॅट६५ए फॉर्मवर, सोबत आपल्याकडच्या टॅक्स अधिकाऱ्याचा दाखला. युरोपात पण अशी योजना आहे पण काही देश "तुमचा देश आमच्या लोकांना देतो का" हे बघूनच देतात. स्टॉलच्या भाड्याचं बिल बनवताना आयोजकाला तुमचा जीएसटीआयएन आधीच द्या, तुम्ही धंदेवाईक आहात हे दिसलं तर बऱ्याच वेळा त्या बिलावर तिथला व्हॅट लावावा लागत नाही.

स्टॉलवर आणि परत आल्यावर

रोज रात्री, कितीही थकलात तरी, तीन आकडे जुळवा: टॅगप्रमाणं किती नग गेले, किती कार्डवर, किती रोख. आमच्याकडं एक वही आहे, ती माझी बायको लिहिते आणि ती माझ्यापेक्षा पक्की आहे. डिस्काउंट दिला तर त्याच ओळीत लिहायचा, व्हॅट मिळालेल्या रकमेवर लागतो, टॅगवर नाही.

पैसे आणायचे कसे? प्रदर्शनात भाग घेणाऱ्याला तिथं तात्पुरतं परकीय चलन खातं उघडायची परवानगी रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, आणि प्रदर्शन संपल्यापासून एक महिन्यात शिल्लक बँकेमार्फत भारतात आणून तपशील द्यायचा असतो. निघायच्या आधी तुमच्या बँकेच्या फॉरेक्स विभागात जाऊन आजचा नियम विचारा आणि लेखी घ्या. रोख आणताना १०,००० डॉलरच्या वर एकूण, किंवा त्यातल्या नोटा ५,००० डॉलरच्या वर असतील तर विमानतळावर डिक्लेरेशन भरावं लागतं.

रिटर्न इंग्लंडमधे तिमाही संपल्यावर एक महिना सात दिवसांत, आणि ते मेकिंग टॅक्स डिजिटल या तिथल्या योजनेला चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच, हातानं भरलेला कागद चालत नाही, एक्सेलला जोडणारं स्वस्त सॉफ्टवेअर मिळतं. यूएईत २८ दिवसांत. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचाच, हे लिहून भिंतीवर लावा.

आणि शेवटचं काम, जे लोकं विसरतात: नोंदणी रद्द करणं. प्रदर्शन संपलं, घरी आलो, विषय संपला असं तिथल्या कॉम्प्युटरला समजत नाही, तो दर तिमाहीला रिटर्नची वाट बघतो आणि दंड लावत राहतो. विक्री कायमची थांबली तर इंग्लंडमधे ३० दिवसांत कळवायचं, यूएईत २० कामाच्या दिवसांत अर्ज, उशीर झाला तर महिन्याला १,००० दिरहम, १०,००० पर्यंत. पुढच्या वर्षी नक्की परत जाणार असाल तर नंबर ठेवायचा का काढायचा हे तिथल्या अकाउंटंटला विचारा, मी इंग्लंडचा ठेवलाय कारण दर वर्षी जातोय, दुबईचा काढला.

कागद फेकू नका. इंग्लंडला ६ वर्षं, यूएईला ५ वर्षं ठेवायचे असतात. आमच्याकडं प्रत्येक प्रदर्शनाची एक फाईल आहे, चलान, यादी, इम्पोर्टचा कागद, वहीची झेरॉक्स, रिटर्नची पावती आणि सगळ्यात वर नोंदणी चालू आहे का रद्द याचं पत्र. दुबईच्या त्या पहिल्या वर्षाच्या फाईलमधे दंडाची पावती पण आहे, फोन करणाऱ्याला मी तिचा फोटो पाठवतो.